चित्र मागून पाहणाऱ्या विभांडिकबाई

विभांडिकबाई कोणतेही चित्र प्रथम मागून पाहत. प्रदर्शनात इतर लोक चित्रांपुढे उभे असत आणि बाई चौकटीचा खालचा कोपरा दोन बोटांनी जरासा उचलून, मान वाकडी करून, भिंत आणि चित्र यांच्यामधल्या फटीत डोकावत. रखवालदार धावत येई. त्या त्याला म्हणत, "काही करत नाहीये रे बाबा, तब्येत बघतेय." मग त्या पुढे येत, चित्राकडे क्षणभर पाहत आणि बहुधा तेवढे त्यांना पुरे होई.

कारण विचारले तर सांगत, "पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते, मास्तर. मागं गेलं की घर कळतं."

मास्तर म्हणजे मी. महाविद्यालयात बाकी सगळे मला सर म्हणत. मी तैलरंग शिकवीत असे आणि त्याबरोबर रंगसाहित्य हा विषय; म्हणजे कोणता रंग कशात कालवावा, कोणत्या पृष्ठावर कोणता थर टिकतो, कोणता उडतो. विषय रुक्ष आणि शिकवणाराही रुक्ष, असे विद्यार्थी म्हणत. ते खरे होते.

लिहिण्याचा हेतू आधीच सांगतो. बाई गेल्या. त्यांच्याविषयी प्रेमाने लिहिणारे पुष्कळ निघाले आहेत. मी त्यासाठी लिहीत नाही. त्यांचा एक सूड अर्धवट राहिला आहे आणि तो पुरा करणे माझ्याकडे आले आहे.

या हकिगतीत आणखी एक गृहस्थ आहेत. ते आमचे विभागप्रमुख होते. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. ते पुष्कळ ठिकाणी लिहून झाले आहे आणि त्यांतल्या काही जागा त्यांच्या नव्हत्या.

बाई नाशिकच्या आमच्या कला महाविद्यालयात रेखाकला शिकवायला आल्या, त्या वर्षीच्या शिक्षकांच्या प्रदर्शनात माझे पंचवटीच्या घाटाचे मोठे तैलचित्र होते. मला त्याचा अभिमान होता. बाईंनी ते मागून पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, कापड रडतंय तुमचं."

"म्हणजे?"

"खळ एकीकडं जाड, एकीकडं पातळ. पुढं गंगा वाहतेय आणि मागं कापडाला पोट आलंय. दहा वर्षांत तडकेल."

"आपण रेखाकला शिकवायला आला आहात ना?"

"हो."

"मग तेवढंच शिकवा."

दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. चित्र सातव्या वर्षी तडकले. मी जाऊन त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांनी चुकले. माफ करा."

त्यांचे पूर्ण नाव कुसुम त्र्यंबक विभांडिक. घर तांबट लेनमध्ये. वडील तांब्याचे बंब, घागरी आणि हंडे घडवीत. पुढे घरोघर स्टील आले आणि एकेक भाता बंद पडत गेला. त्र्यंबकरावांनी शेवटी मठारकामाची आपली हातोडी मुलीच्या हातात दिली. मठारणे म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर शेजारी शेजारी सारखे ठोके देत जाणे. त्याने पत्रा कठीण होतो आणि त्यावर शेकडो लहान खळगे चमकतात. बाईंनी ती हातोडी चित्रकलेत आणली. लग्न त्यांनी केले नाही. विचारणाऱ्याला सांगत, "घरात आधीच ठोकाठोक पुष्कळ आहे."

त्यांच्या चित्राची रीत अशी होती. मठारलेला पत्रा, त्यावर चिंचोक्याच्या खळीत खडूची भुकटी कालवून दिलेला पांढरा थर. त्यावर गेरू, पिवडी, नीळ आणि काजळी, सगळे बाभळीच्या डिंकात. आकृत्या जुन्या भिंतींवर आणि पोथ्यांत असतात तशा सपाट: चेहरा एका बाजूने, डोळा मात्र पूर्ण, रेषा एका दमात ओढलेली. हे वाळले की लाखेचा एक हात आणि मग, ज्याची कोणी अपेक्षा करणार नाही ते, तैलरंगाचे काचेसारखे पातळ थर, युरोपातल्या जुन्या चित्रकारांच्या पद्धतीने. त्यामुळे त्या सपाट बायकांवर एका बाजूने, जणू खिडकीतून, उजेड पडे. पत्र्यातल्या खळग्यांवर तो उजेड घसरत नसे, थबकत असे.

"आकार आपला, उजेड त्यांचा," बाई म्हणत.

"दोघांचं भांडण होत नाही?"

"होतं की. संसारात होतं तेवढं."

या रीतीने त्यांची आठ वर्षे घेतली. माझ्या खोलीशेजारीच त्यांची खोली होती. फसलेले पत्रे मी पाहिले आहेत. रंग उकलून आलेले, फुगलेले, लाखेखाली घामेजलेले. प्रत्येक फसलेला पत्रा त्या माझ्या टेबलावर उलटा ठेवीत आणि म्हणत, "सांगा, कुठं दुखतंय याला." मी सांगत असे. कधी बरोबर येई. बहुतेक वेळा त्यांना उत्तर आधीच ठाऊक असे आणि मला ते येते की नाही एवढेच पाहायचे असे.

रीत बसल्यावर त्यांनी पाच चित्रे केली. लिलावाच्या दिवशी त्या एस.टी.ने विंचूरला जात आणि बाजाराच्या आवारात कांदा निवडणाऱ्या बायकांशेजारी वही घेऊन बसत. त्या पाचही चित्रांत त्याच बायका आहेत. कांद्याच्या सालींसाठी बाईंनी कागदाइतका पातळ ठोकलेला तांब्याचा पत्रा कापून, मुरडून, बारीक खिळ्यांनी चित्रावर बसवला होता. खोलीतून कोणी चालत गेले तरी त्या साली थरथरत. मी चित्रांची स्तुती करीत नाही. त्या पाच चित्रांपुढे मी बराच वेळ उभा राहिलो, एवढे लिहितो.

विभागप्रमुख आले. त्यांनी पाचही चित्रे पुढून पाहिली आणि म्हणाले, "काय हो बाई, हे प्रदर्शन आहे की रुखवत?"

शिक्षक हसले. बाईही हसल्या. "रुखवतच आहे, सर. नवरदेव तेवढा ठरायचाय."

नवरदेव दोन वर्षांनी ठरला.

एक परदेशी पाहुण्या महाविद्यालय पाहायला आल्या. त्या कांदेवाल्या बायकांपुढे थांबल्या आणि हलेनात. हे कोणाचे काम, असे त्यांनी विचारले. बाई त्या वेळी वर्गात होत्या. विभागप्रमुख म्हणाले, "आमच्या विभागात चाललेला एक प्रयोग आहे." मी तेथे होतो. वाक्य खोटे नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो. चोरीची सुरुवात पुष्कळदा अशाच वाक्याने होते, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

त्या दिवाळीत विभागप्रमुखांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेसाठी म्हणून बाईंकडून पत्रे तयार करून मागितले. बाईंनी सारी सुट्टी घरच्या अंगणात घालवली आणि पांढरा थर दिलेले, थेट रंगवता येतील असे पत्रे विभागात आणून दिले. कार्यशाळा झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात मुंबईत विभागप्रमुखांचे एकल प्रदर्शन झाले. तांब्यावर काम, सपाट बायका, एका बाजूने उजेड. कांद्यांच्या जागी द्राक्षे होती. एवढा फरक त्यांनी केला होता.

प्रदर्शनाची छापील पुस्तिका बाईंनी माझ्या टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर विभागप्रमुखांचे शब्द होते: वीस वर्षांच्या एकाकी शोधानंतर मला पूर्व आणि पश्चिम यांचा सांधा सापडला. शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात होते: तांत्रिक साहाय्य, कु. विभांडिक.

"मागून उघडलं म्हणून सापडलं," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी आहे हे मलाच कळलं नसतं."

त्यांनी लेखी तक्रार केली. मागणी एकच होती: ही रीत कोणाची, हे महाविद्यालयाने लिहून द्यावे. तिघांची समिती नेमली गेली. दोघे कारभारी होते. त्यांना चित्रकलेतले काही कळत नव्हते आणि त्यांनी ते मान्यही केले. अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले: "कलेतील रीत ही कोणा एकाची मालमत्ता नसते, सबब तक्रारीत तथ्य आढळत नाही." खाली सही केली.

वाक्य शुद्ध आहे. ते खोटे आहे हे मला लिहिताना ठाऊक होते. आठ वर्षांचे फसलेले पत्रे माझ्याच टेबलावरून गेले होते. कारण विचाराल तर, विभागप्रमुखपदासाठी पुढचे नाव माझे होते आणि शिफारस त्यांची लागणार होती. ते पद मला मिळाले नाही. पुढे ते निवृत्त झाले तेव्हा बाहेरून माणूस आणला गेला. मिळाले असते तरी वाक्य खोटेच राहिले असते.

बाईंनी अहवालाचा कागद हातात घेतला, उलटा केला आणि कोरी बाजू पाहिली. "मागं काहीच नाही, मास्तर." मग पुढून वाचला. "सही मात्र सुरेख आहे तुमची," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर आठ महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शेजारच्या खोलीतून हातोडीचे ठोके तेवढे ऐकू येत. पूर्वीपेक्षा जोरात येत, असे मला वाटे.

याच सुमारास गंगापूर रोडवर एक नवे सभागृह उभे राहत होते आणि त्याच्या प्रवेशदालनातली आख्खी भिंत विभागप्रमुखांना मिळाली. तांब्यावरचे एवढे मोठे चित्र नाशिकात कोणी केले नव्हते. परंतु बाईंनी तयार करून दिलेले पत्रे संपले होते आणि विभागप्रमुखांना पत्रा तयार करता येत नव्हता. त्यांनी बाईंना बोलावून रीत लिहून मागितली. विभागाच्या दप्तरासाठी, असे म्हणाले.

बाईंनी नकार दिला नाही. आठ दिवसांनी त्या विभागप्रमुखांना घेऊन माझ्या खोलीत आल्या. "मास्तरांसमोर देते. साहित्य तेच शिकवतात. त्यांनी तपासून घ्यावं."

फुलस्केपची दोन पाने होती. विभागप्रमुखांनी ती मला दिली. पत्रा किती जाड, ठोके कसे, चिंचोके किती वेळ भिजवायचे, खळ किती शिजवायची, डिंक कोणता, लाखेचा हात कधी, तेलाचा पहिला थर कधी. अक्षर वळणदार. प्रत्येक गोष्ट खरी.

त्यात कल्हई नव्हती.

तरुण वाचकांसाठी खुलासा करतो. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो. हिरवा, विषारी होतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ, रुपेरी लेप देतात. त्याला कल्हई म्हणतात. पत्र्यावर दिलेली चिंचोक्याची खळ दमट हवेत आंबतेच. म्हणून बाई प्रत्येक पत्र्याला पांढऱ्या थराआधी कल्हई करीत. आठ वर्षांतली शेवटची तीन त्यांना हे सापडायला लागली होती आणि ते सापडले ते आईच्या ताकाच्या भांड्यावरून. विभागप्रमुखांना जे पत्रे मिळाले होते त्यांवर पांढरा थर आधीच होता. खालची कल्हई झाकली गेली होती. पण कडेवरून तिचे रुपेरी ओघळ मागच्या बाजूस उतरलेले असत. एक पत्रा जरी त्यांनी उलटा करून पाहिला असता तरी कळले असते. नाशिकातल्या सत्तरीच्या कोणत्याही गृहिणीला विचारले असते तरी कळले असते. त्यांनी दोन्ही केले नाही.

मी वर पाहिले. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

"काही राहिलं तर नाही ना?" विभागप्रमुखांनी मला विचारले.

"नाही," मी म्हणालो.

त्या एका शब्दाची मला आजवर लाज वाटलेली नाही.

विभागप्रमुख पाने घेऊन गेले. बाई दाराशी थांबल्या. "अक्षर लागलं ना, मास्तर?"

"लागलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग आता बोलायला हरकत नाही आपण," असे म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी माझ्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून घेतला.

सभागृहाच्या उद्घाटनाला आम्ही दोघे गेलो होतो. बाई जांभळी पैठणी नेसल्या होत्या. भिंत झळकत होती, हे मान्य केले पाहिजे. भाषणांत त्या रीतीला विभागप्रमुखांच्या नावाने ओळखले जावे, असे एका वक्त्याने सुचवले आणि टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या.

मी हळूच विचारले, "किती दिवस?"

"खळ जाड दिलीय त्यांनी. दोन पावसाळे."

त्यानंतर दर महिन्याला, भाजी घेऊन परतताना, पिशवीसह त्या सभागृहात डोकावत. द्वारपाल त्यांना ओळखू लागला होता. "पाहुणी आहे हो आमची आत," त्या त्याला सांगत, "बघून येते." सूड हा तापट माणसाचा विषय आहे असे लोक समजतात. ते चूक आहे. त्याला कल्हईवाल्याचा हात लागतो. पत्रा किती तापू द्यायचा आणि कापसाचा बोळा कधी फिरवायचा, हे कळावे लागते.

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस त्या माझ्या घरी आल्या. हातात पेढ्यांचा पुडा.

"कशाचे?"

"बाळ झालं."

"कुणाला?"

"भिंतीला. डावीकडून तिसरी बाई, गालावर. हिरवं आहे. आईवर गेलंय."

मी दोन पेढे खाल्ले. एरवी मी गोड खात नाही.

दिवाळीपर्यंत गाल, गळा आणि द्राक्षांची अर्धी बाग हिरवी झाली. एका वार्ताहराने विचारल्यावर विभागप्रमुखांनी उत्तर दिले की ही विकृती नव्हे, योजना आहे. "काळ हाच या कामातला माझा सहचित्रकार," असे त्यांचे शब्द होते. ते कात्रण बाईंनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. "बघा मास्तर, अखेर सहकाऱ्याचं नाव छापलं त्यांनी."

पुढच्या वर्षी पांढरा थर खपल्यांनी गळू लागला. प्रवेशदालन रोज झाडावे लागे. सभागृहाच्या चालकांनी विभागप्रमुखांना पत्र पाठवले. एका महिन्यात दुरुस्त करा, नाहीतर उतरवतो. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. एका दुपारी त्यांचा मला निरोप आला: पाहुणे यायचेत, या.

तांबट लेनमधल्या त्या घरात विभागप्रमुख खुर्चीवर बसले होते. मी दिसताच त्यांनी बोलणे थांबवले. बाई म्हणाल्या, "बोला, सर. मास्तरांसमोरच दिली होती, मास्तरांसमोरच बोलू."

"यावर उपाय काय?" त्यांनी विचारले.

"मागून बघितलंत?"

"भिंतीला आहे ते. मागून कसं बघणार?"

"मग उतरवावं लागेल. सगळं खरवडायचं, कल्हई करायची, पुन्हा पहिल्यापासून."

"कल्हई?" ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "कल्हई त्या कागदात नव्हती."

"नव्हती."

"तुम्ही मुद्दाम लिहिली नाहीत."

"हो."

इतक्या सरळ उत्तराची त्यांना सवय नव्हती. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही वाचलं होतं. मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंत," मी म्हणालो.

"ही फसवणूक आहे!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "रीत कोणा एकाची मालमत्ता नसते, सर. मास्तरांनी लिहून दिलंय, सहीनिशी. मग तिच्यातली खोटही कोणा एकाची कशी असेल?"

हे बोलताना त्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

विभागप्रमुखांचा आवाज उतरला. "काय हवं ते बोला. भिंत वाचवा. खाली तुमचं नाव घालतो."

"काय म्हणून?"

ते थांबले. ते खरोखर थांबले. तो क्षण मी विसरलेलो नाही. एका शब्दात सगळे मिटले असते आणि बाईंनी, माझी खात्री आहे, दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली असती.

"तांत्रिक..." ते म्हणाले.

बाई उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. "पायरीला जपा. एक फरशी हलते."

भिंत उतरवली गेली. पत्रे भद्रकालीतल्या एका भंगारवाल्याकडे गेले. आम्ही दोघे तेथे गेलो. बाईंनी एकेक पत्रा उलटा करून पाहिला. "यंत्राचं मठारकाम आहे," त्या म्हणाल्या, "ठोक्याला जीव नाही. पण तांबं चांगलंय." एक पत्रा त्यांनी निवडला आणि मी तो रिक्षात गुडघ्यांवर धरून आणला.

डॉक्टरांनी त्यांना धुराची मनाई केली होती आणि कल्हईच्या नवसागराचा धूर छातीला वाईट. त्यांनी तोंडाला पदर बांधला आणि भाता माझ्या हाती दिला. आयुष्यभर साहित्य शिकवले, पण भाता मी त्या दिवशी प्रथम ओढला. "सावकाश, मास्तर. व्याख्यान नाहीये हे." पत्रा तापला, कथील वितळले आणि कापसाच्या बोळ्याखाली सगळा हिरवेपणा जाऊन रुपेरी लाट पसरत गेली.

ते चित्र त्यांचे शेवटचे. कांदा निवडणारी एकच बाई आहे. ती पाठमोरी आहे. बाईंच्या साऱ्या कामात पाठमोरी आकृती ही एवढीच.

पूर्ण झाल्यावर त्यांनी मला बोलावले, चित्र टेबलावर पालथे घातले आणि माझ्या हातात ब्रश दिला. वाटीत काळा तैलरंग होता.

"मागं लिहा, मास्तर."

"काय लिहू?"

"खरं असेल ते. आणि खाली सही करा. सुरेख असते तुमची."

मी उभा राहिलो. त्या आत चहा ठेवायला गेल्या. परत आल्या तेव्हा मी तीन ओळी लिहिल्या होत्या: तांब्यावरील चित्राची ही रीत कुसुम त्र्यंबक विभांडिक यांची आहे. चौकशीच्या अहवालात मी याविरुद्ध लिहिले. ते मी जाणूनबुजून खोटे लिहिले. खाली सही.

त्यांनी चष्मा लावून ते वाचले. चेहऱ्यावर काहीच दिसले नाही. "वाळायला आठ दिवस लागतील," त्या म्हणाल्या. "तोवर शब्द मागं घ्यायचा असेल तर टर्पेंटाइन खिडकीत आहे. चिंधी शेजारी."

आठ दिवस मी रोज तेथे गेलो. टर्पेंटाइनला हात लावला नाही. नवव्या दिवशी मी विचारले, "मिटलं?"

"मिटायचंय काय त्यात? कल्हई उडते, मास्तर. परत परत करावी लागते." मग चित्र जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनी ते माझ्याकडे दिले. "पाहुण्यांना पुढून दाखवा. तुम्ही मागून बघत जा."

गेल्या थंडीत त्या गेल्या. महाविद्यालयात शोकसभा झाली. विभागप्रमुख पहिल्या रांगेत होते आणि प्रथम तेच बोलले. "कुसुमताई माझ्या निष्ठावंत सहकारी. माझ्या प्रयोगांची तांत्रिक बाजू त्या सांभाळीत," असे ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. तो खोटा होता असे मला वाटत नाही. इतकी वर्षे सांगून सांगून त्यांनाच ते खरे वाटू लागले असावे.

नंतर माझे नाव पुकारले गेले. बाईंचे शेवटचे चित्र मी आणले होते. ते मंचावर चित्राच्या लाकडी घोडीवर ठेवले होते आणि लोक ती पाठमोरी बाई पाहत होते. मी म्हणालो, "बाई चित्र मागून पाहत. आज आपणही पाहू." मी पत्रा उलटा केला आणि खाली बसलो.

लोक उठून जवळ येऊ लागले. बरेच जण वाचून माझ्याकडे पाहत आणि मान फिरवीत. ते योग्यच होते. विभागप्रमुख जागचे उठले नाहीत. त्याची गरज नव्हती. पहिल्या रांगेतून ती अक्षरे वाचता येतात. मी ती मुद्दाम मोठी काढली होती.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात शोकसभेची बातमी आली. विभागप्रमुखांचे भाषण सविस्तर होते. माझ्या नावापुढे 'यांनीही आठवणी जागवल्या' असे होते. चित्राच्या मागच्या बाजूचा उल्लेख नव्हता. बातमीदार बहुधा खुर्चीत बसून राहिला असावा.

म्हणून हे लिहिले. चित्र माझ्या खोलीत आहे. कोणी आले की ते मी पुढून दाखवतो. पाहुणे ती पाठमोरी बाई पाहतात, चहा घेतात, जातात. मग मी ते पुन्हा उलटे करून ठेवतो आणि माझी सही माझ्याकडे पाहत राहते. बाईंनी मला क्षमा केली नाही. त्यांनी मला काम दिले, आणि ते मला क्षमेपेक्षा बरे वाटते.

विभागप्रमुख हयात आहेत. दृष्टी अजून चांगली आहे असे ऐकतो. हा मजकूर छापून आला की पहिली प्रत मी त्यांना पाठवणार आहे. ते तो पुढून वाचतील, मग सवयीने आपले नाव शोधतील. ते त्यांना कोठेही सापडणार नाही. शेवटच्या पानावर, तांत्रिक साहाय्यातसुद्धा नाही.